एक इंग्रजी शब्द नीट कसा शिकायचा: ‘अफोर्ड’ हाताशी घेऊन

रोज दहा शब्द, महिन्याला तीनशे, अशा याद्या ढिगाने मिळतात, डावीकडे इंग्रजी शब्द उजवीकडे मराठी अर्थ. पाठही होतात. पण बोलायची वेळ आली की त्यातला एक शब्द जागेवर येत नाही, आला तरी वाक्यात वाकडाच बसतो. कारण यादीत नुसता अर्थ असतो, तो शब्द वाक्यात कुठे उभा राहतो, त्याच्या पुढेमागे काय लागतं, कर्ता कोण होतो, यातलं काहीच नसतं. माझं मत विचाराल तर आठवड्याला पाच शब्द घ्या पण ते असे घ्या की झोपेतून उठवलं तरी वापरता आले पाहिजेत.

इथे आपण एकच शब्द शेवटपर्यंत धरू, अफोर्ड. मुद्दामच हा घेतलाय कारण तो सगळ्यांना ‘येतो’. मराठी बोलतानाही आपण सर्रास म्हणतो, मला अफोर्ड होत नाही. आणि नेमकं त्यामुळेच इंग्रजीत तो चुकतो, कसा ते पुढे येईलच.

आधी ठरवा, हा शब्द शिकायचाय का

दिसेल तो शब्द शिकायला घेऊ नका. इंग्रजीत लाखो शब्द आहेत, मोठ्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीतच पाच लाखांच्या वर शब्द आणि शब्दप्रयोग आहेत आणि त्यातले कितीतरी आज कुणी वापरत नाही. भाषा शिकवण्यावर संशोधन करणारे पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशोब मांडला होता की कादंबरी किंवा वर्तमानपत्र आरामात वाचायला साधारण आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं ओळखता यावी लागतात, आणि बोललेलं कळायला सहा ते सात हजार. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पोरंबाळं, अफोर्ड, अफोर्डेबल, अफोर्डेबिलिटी हे सगळं मिळून एक. आकडा मोठा वाटतो पण त्यात ‘ओळखता येणं’ एवढंच अपेक्षित आहे, वापरता येणं नाही. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. वाचताना कळला की पुरे असे शब्द वेगळे, आणि तोंडातून किंवा लेखणीतून यायला हवेत असे वेगळे. पहिल्या प्रकाराला एक मिनिट द्यायचं. दुसऱ्याला मात्र खालची सगळी मेहनत.

दुसऱ्या प्रकारात कुठले घ्यायचे? तोच शब्द दोनतीन वेगळ्या ठिकाणी भेटला तर घ्या. किंवा तयार यादी बघा, ऑक्सफर्ड ३००० म्हणून सर्वात उपयोगी तीन हजार शब्दांची यादी आहे, कॉलेजच्या अभ्यासासाठी वाचत असाल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट आहे, त्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत. यादी पाठ करायला नाही हां, शब्द कामाचा आहे की नाही हे तपासायला.

शब्द उचलायचा तो वाक्यासकट

समजा वाचता वाचता वाक्य आलं, वुई कान्ट अफोर्ड टू वेट एनी लाँगर. शब्द एकटा लिहून घेऊ नका, अख्खं वाक्य लिहा. मग डिक्शनरी उघडायच्या आधी अर्धा मिनिट थांबून अंदाज करा. ‘आणखी थांबणं आम्हाला ... नाही’, मधे काय असेल? अंदाज चुकला तरी चालतं, उलट चुकलेला अंदाज आणि खरा अर्थ यातला फरक जास्त लक्षात राहतो. पण एक, अंदाज लागायला आजूबाजूचे शब्द माहीत असावे लागतात. पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी असेल तर अंदाज बरा लागतो, प्रत्येक ओळीत तीनचार अडत असतील तर तो मजकूर सध्या तुमच्यासाठी अवघड आहे, सोपा घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

डिक्शनरी कुठली

इथे बरेच जण घसरतात. सर्चमध्ये शब्द टाकला, वर जे आलं ते वाचलं, झालं. किंवा थेट इंग्रजी-मराठी बघितलं, ‘परवडणे, ऐपत असणे’, झालं.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेल्या डिक्शनऱ्या वेगळ्या असतात, त्यांना लर्नर्स डिक्शनरी म्हणतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी केलेली अशी डिक्शनरी १९४२ मध्ये तिथेच छापली गेली आणि तीच पुढे ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून जगभर गेली. लाँगमनची १९७८ ची, तिच्यात सगळे अर्थ साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायचे असं बंधन घालून घेतलेलं, म्हणजे अर्थ वाचायला दुसरी डिक्शनरी लागत नाही. कॉलिन्स कोबिल्ड १९८७ ची, ती अर्थच पूर्ण वाक्यात सांगते, ‘तुम्हाला एखादी गोष्ट अफोर्ड करता येत नाही म्हणजे ती घेण्याइतके पैसे तुमच्याकडे नाहीत’ अशा धर्तीवर, त्यामुळे अर्थाबरोबर वाक्याचा साचाही फुकटात मिळतो. सुरुवातीला मी कोबिल्डच सुचवेन. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन, कॉलिन्स सगळ्या ऑनलाइन फुकट बघता येतात.

आणि मोठी ऑक्सफर्ड किंवा मेरियम-वेब्स्टर का नको? वाईट आहेत म्हणून नाही, त्या इतिहासाच्या क्रमाने अर्थ देतात, सगळ्यात जुना आधी. नाइस या शब्दाचा इंग्रजीतला जुना अर्थ ‘मूर्ख’ होता, लॅटिनमधल्या ‘अज्ञानी’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलेला. पहिला अर्थ तोच खरा असं समजून कुणी नाइस वापरला तर काय होईल बघा. लर्नर्स डिक्शनरीत सहसा सगळ्यात जास्त चालणारा अर्थ वर असतो.

अर्थाच्या आधी बारीक अक्षरं वाचा

शब्दाच्या शेजारी छोटी अक्षरं, कंस, खुणा असतात, बहुतेक लोक त्या ओलांडून थेट अर्थाकडे जातात, आणि खरा माल तिथेच असतो. नामाजवळ सी म्हणजे मोजता येणारं, यू म्हणजे न मोजता येणारं. ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर यांच्यापुढे यू दिसला की कळतं ॲडव्हाइसेस म्हणायचं नाही. क्रियापदाजवळ टी असेल तर त्याला कर्म लागतं, आय असेल तर लागत नाही. डिस्कस टी आहे, म्हणून थेट डिस्कस द प्लॅन, मधे अबाउट घालायचा नाही. एसबी म्हणजे समबडी, एसटीएच म्हणजे समथिंग, तिथे माणूस बसतो की वस्तू ते सांगणारी खूण.

आता अफोर्ड. ऑक्सफर्ड लर्नर्समध्ये दोन गोष्टी दिसतील. एक, परवडण्याच्या अर्थाने पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, होत नाही. दोन, हा शब्द बहुधा कॅन, कुड किंवा बी एबल टू यांच्याबरोबर येतो, त्यातही नकारात आणि प्रश्नात जास्त. म्हणजे नुसतं ‘आय अफोर्ड अ कार’ कुणी म्हणत नाही, आय कॅन अफोर्ड किंवा आय कान्ट अफोर्ड. पुढे एकतर नाम, अफोर्ड अ कार, किंवा टू लावून क्रियापद, अफोर्ड टू बाय. अफोर्ड बाइंग नाही. एवढ्या दोन ओळींत निम्म्या चुका टळल्या, आणि त्या अर्थात नव्हत्याच, अर्थाच्या आधीच्या बारीक अक्षरांत होत्या.

मराठीशी गाठ घाला, पण वाक्याची

मराठी अर्थ बघूच नका, इंग्रजीतच विचार करा, असं सांगणारे भेटतील. मला पटत नाही. मराठी डोक्यात येणारच आहे, तिला दाराबाहेर ठेवण्यापेक्षा समोरासमोर बसवलेलं बरं. फक्त शब्दासमोर शब्द न लिहिता वाक्यासमोर वाक्य लिहायचं.

मला हे घर परवडत नाही. आय कान्ट अफोर्ड धिस हाऊस.

आता बघा, मराठीत क्रियापद कुणाप्रमाणे चालतं? घर परवडलं, गाडी परवडली, फोन परवडला. म्हणजे परवडणारी गोष्ट कर्ता, आणि माणूस बिचारा ‘मला’ म्हणून बाजूला. इंग्रजीत नेमकं उलट, माणूस कर्ता आणि वस्तू कर्म. आपण ‘मला अफोर्ड होत नाही’ म्हणतो तेव्हा शब्द इंग्रजी असतो पण साचा पूर्ण परवडण्याचा असतो, आणि मग त्याच साच्यातून इंग्रजी बोलायला गेलं की इट इज नॉट अफोर्डिंग टू मी असलं काहीतरी बाहेर पडतं. शब्द माहीत होता, अर्थ बरोबर होता, तरी वाक्य गेलं! हेच आवडणे आणि लाइकचं, मला हे आवडतं, आय लाइक धिस. गरज असणे आणि नीडचं पण तेच, मला वेळ हवाय, आय नीड टाइम. ‘मला’ने सुरू होणारं मराठी वाक्य दिसलं की इंग्रजीत कर्ता कोण हे थांबून बघायची सवय लावा, एका सवयीत डझनभर क्रियापदं सरळ होतात.

पुढचा भाग जास्त मजेदार आहे. परवडणे आणि अफोर्ड कुठपर्यंत बरोबर चालतात आणि कुठे फाटे फुटतात ते शोधायचं. पैशाच्या बाबतीत बरोबर. ‘आता चूक करून परवडणार नाही’, इथेही बरोबर, वुई कान्ट अफोर्ड टू मेक अ मिस्टेक, सुरुवातीचं थांबण्याचं वाक्यही याच जातीचं, पैशाचा संबंधच नाही, नुकसान होईल एवढाच अर्थ. पण आपण असंही म्हणतो, ‘एक वेळ भांडण परवडलं पण हा अबोला नको’. इथे अफोर्ड अजिबात चालणार नाही, इंग्रजीत आय वुड रादर असं काहीतरी वेगळंच घ्यावं लागेल. आणि उलट बाजूने, इंग्रजीत अफोर्डचा एक अर्थ आहे जो परवडण्यात नाही, ‘देणे, मिळवून देणे’. द लॉ अफोर्ड्स प्रोटेक्शन टू टेनंट्स, कायदा भाडेकरूंना संरक्षण देतो. द टेरेस अफोर्ड्स अ व्ह्यू ऑफ द लेक, गच्चीवरून तळं दिसतं. इथे कर्ता माणूस नाही, कॅन पण नाही, आणि हा औपचारिक लिखाणातला वापर आहे, मित्राशी गप्पा मारताना असं कुणी बोलत नाही.

वहीत हे असंच लिहा, इथपर्यंत बरोबर, इथे परवडणे एकटं, इथे अफोर्ड एकटा. तीन ओळी होतात.

उच्चार

डिक्शनरीत स्पीकरचं चित्र असतं ते दाबा, ऐका, मोठ्याने म्हणा. एवढंच, पण लोक मनातल्या मनात वाचतात. देवनागरीत उच्चार लिहून ठेवायला हरकत नाही, पण देवनागरीत आघात दिसत नाही आणि इंग्रजीत तर सगळा खेळ आघाताचा आहे. डिक्शनरीतल्या उच्चाराच्या लिपीत एक छोटी उभी रेघ वरच्या बाजूला असते, ती ज्या तुकड्याच्या आधी असेल त्या तुकड्यावर जोर. अफोर्डमध्ये ती दुसऱ्या तुकड्याआधी आहे, म्हणजे अ अगदी हलका, निसटता, आणि जोर फोर्डवर. बरेच जण ॲ-फोर्ड म्हणतात, ॲपलमधला ॲ, तो नाही. उलटा ई काढल्यासारखी जी खूण दिसते तिचा हा हलका अ.

जोर कधी कधी अर्थच बदलतो. रेकॉर्ड नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. प्रेझेंट, ऑब्जेक्ट तसेच. आणि एकाच कुटुंबात जोर सरकतो, फोटोग्राफमध्ये फो वर, फोटोग्राफीमध्ये टॉ वर, फोटोग्राफिकमध्ये ग्रा वर. म्हणून कुटुंबातला प्रत्येक शब्द वेगळा ऐकायचा. वाक्यात कसा येतो ते ऐकायचं असेल तर यूग्लिश नावाची साइट आहे, शब्द टाकला की व्हिडिओंमधले तेवढेच तुकडे एकामागून एक लागतात, खऱ्या माणसांच्या तोंडून.

सोबती शोधा

शब्द एकटे राहत नाहीत, त्यांचे ठरलेले सोबती असतात. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हेच मांडलं होतं, की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. पाऊस हेवी असतो, स्ट्राँग नसतो, वारा मात्र स्ट्राँग. डिसिजन मेक करतात, होमवर्क डू करतात. का? कारण विचारण्यात वेळ घालवू नका, आपणही शपथ ‘घेतो’ आणि वचन ‘देतो’च की.

शोधायचं कसं, तर अवतरण चिन्हांत कान्ट अफोर्ड टू असं सर्च करायचं आणि आलेल्या पहिल्या वीसेक वाक्यांत पुढे काय येतंय ते बघायचं. लूज, वेट, इग्नोर, मिस हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतील. नामांत द टाइम, द रेंट, द रिस्क, द लक्झरी ऑफ. अफोर्डच्या आधी बेअरली, हार्डली, इझिली, आणि एक विचित्र वाटणारा इल, कॅन इल अफोर्ड, म्हणजे मुळीच परवडण्यासारखं नाही. अमेरिकन पोलीस अटक केलेल्या माणसाची चौकशी करण्याआधी जे हक्क वाचून दाखवतात, १९६६ च्या मिरांडा खटल्यापासून, त्यातही हा शब्द येतो, वकील अफोर्ड करू शकत नसाल तर नेमून दिला जाईल, अशा अर्थाने. एकदा ओळख झाली की असा शब्द सगळीकडे दिसायला लागतो.

याहून पद्धतशीर काम करायचं तर कॉर्पस. खऱ्या लिखाणाचा आणि बोलण्याचा प्रचंड साठा, शोधता येण्यासारखा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये दहा कोटी शब्द आहेत, अमेरिकन इंग्रजीच्या कोका नावाच्या कॉर्पसमध्ये शंभर कोटींच्या वर. पहिल्याच आठवड्यात तिकडे जाऊ नका, स्क्रीन बघूनच उत्साह जाईल. महिना दोन महिन्यांनी जा.

शब्दाची बाजू

अर्थ एक असला तरी शब्द कुणाच्या बाजूने बोलतो ते वेगळं. थ्रिफ्टी म्हणजे काटकसरी, स्टिंजी म्हणजे चिकट, पैसे दोघेही कमीच खर्च करतात, पण एकाचं कौतुक आहे आणि दुसऱ्याला शिवी. डिक्शनरीत अप्रूव्हिंग, डिसअप्रूव्हिंग, फॉर्मल, इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड अशा चिठ्ठ्या असतात त्या याचसाठी. अफोर्डेबल आणि चीप बघा, चीपमध्ये स्वस्त बरोबर हलक्या दर्जाचं अशी छटा येऊ शकते, म्हणून विकणारे अफोर्डेबल लिहितात, चीप सहसा टाळतात. थिसॉरस उघडून समानार्थी शब्द उचलून वाक्यात घालायचा मोह इथेच अंगाशी येतो. थिसॉरस हा ज्याला शब्द आधीच येतात त्याने आठवण म्हणून बघायचा, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमची वाक्यं

तीन वाक्यं, स्वतःच्या आयुष्यातली. ‘राम कॅन अफोर्ड अ कार’ असली पुस्तकी नको, राम कोण, कार कसली, काही लक्षात राहत नाही. तुम्हाला खरंच काय परवडत नाहीये ते लिहा. एक पैशाचं, एक वेळेचं किंवा धोक्याचं टू लावून, एक प्रश्न. शक्य असेल तर तीनपैकी एक भूतकाळात, आय कुडन्ट अफोर्ड, कारण काळ बदलला की कळतं साचा खरंच बसलाय की एकच वाक्य पाठ झालंय.

तपासायचं कुणाकडून? इंग्रजी चांगलं असणारं कुणी असेल तर उत्तम. नाहीतर एआय चॅटबॉट, पण विचारताना ‘हे बरोबर आहे ना?’ असं विचारू नका, हो म्हणून मोकळा होण्याची शक्यता जास्त. ‘यात चूक शोध, आणि लोक हेच कसं म्हणतील ते दोन प्रकारे लिही’ असं सांगा, आणि शंका राहिली तर परत डिक्शनरीतल्या उदाहरणांशी ताडून बघा. शेवटचा शब्द डिक्शनरीचा.

विसरण्याची सोय

हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, किती वेळात किती विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये छापलं. निष्कर्ष असा की सुरुवातीच्या काही तासांतच बरंचसं निसटतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून उजळणी पहिली लवकर, पुढच्या लांबत जाणाऱ्या. आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी, महिन्याने, असं काहीसं, अगदी काटेकोर असायची गरज नाही. अँकीसारखं ॲप हे अंतर आपोआप ठेवतं, कागदी कार्डं आवडत असतील तर सेबास्टियन लाइटनर यांची खोक्यांची पद्धत आहे, जमलं ते कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं ते परत पहिल्या.

कार्डावर काय लिहायचं हे मात्र महत्त्वाचं. पुढे अफोर्ड आणि मागे परवडणे असं लिहिलंत तर परत त्या यादीवरच आलात. पुढे तुमचंच वाक्य, शब्द गाळून, रिकामी जागा ठेवून. मागे शब्द आणि पूर्ण वाक्य. आणि एक कार्ड मराठीतून, ‘आत्ता सुट्टी घेऊन मला परवडणार नाही’, मागे इंग्रजी. हे दुसरं कार्ड जास्त त्रास देतं, म्हणून ते टाळू नका. कार्ड उलटायच्या आधी उत्तर मोठ्याने बोलायचं, नुसतं ‘हां, येतंय’ म्हणून पुढे जायचं नाही.

एका शब्दाला हे सगळं करायला सुरुवातीला अर्धा तासही लागेल, हात बसला की दहापंधरा मिनिटं. सगळे टप्पे प्रत्येक शब्दाला लागत नाहीत. टेबल, विंडो असल्या शब्दाला चित्र बघितलं तरी भागतं. क्रियापदांना, आणि भावना किंवा मत दाखवणाऱ्या विशेषणांना मात्र पूर्ण वेळ द्या. गेट, टेक, सेट, रन असे छोटे शब्द अशा पद्धतीने एका बैठकीत घ्यायला जाऊ नका, मोठ्या डिक्शनरीत त्यांच्या अर्थांची पानंच्या पानं आहेत, त्यांचा एकेक वापर हा वेगळा शब्द समजून घ्यायचा, आज टेक टाइम, पुढच्या महिन्यात टेक ऑफ.

आणि काही महिन्यांनी ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने समोर आला, उदाहरणार्थ अफोर्डचा तो देण्याचा अर्थ कुठल्या करारात किंवा बातमीत भेटला, तर नवीन पान उघडू नका. जुनंच पान काढा आणि नवं वाक्य खाली जोडा, तारीख टाकलीत तर आणखी चांगलं. कार्ड मात्र नवीन करा, एका कार्डावर दोन अर्थ घातले की कुठलाच धड आठवत नाही.